नफा आहे तर पैसे कुठं गेले?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याची बातमी होती. वर मोठ्या अक्षरात नफ्याचा आकडा आणि खाली कोपऱ्यात चार ओळी, की याच कारखान्याची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, शेतकऱ्यांना द्यायची अजून थकीत आहे. मी संध्याकाळी घरातच पुढच्या खोलीत कॉमर्सच्या मुलांचा क्लास घेतो, बारा-पंधरा पोरं असतात, बहुतेक बीकॉमची, दोन-तीन सीए इंटरची. त्यातली एक मुलगी तो पेपर घेऊनच आली. तिच्या वडिलांचा ऊस त्याच कारखान्याला गेलाय. म्हणाली, सर, नफा आहे तर पैसे कुठं गेले? पोरं हसली. एकजण म्हणाला, अगं खाल्ले असतील.

आता खाणारे नसतात असं मी म्हणत नाही, पण तेवढ्यावर प्रश्न संपत नाही ना. मी म्हटलं बरं, समजा कुणी एक रुपयाही खाल्लेला नाही, आता सांगा पैसे कुठं गेले. सगळे गप्प. यातला एक पोरगा कंपनीचा पूर्ण ताळेबंद अर्ध्या तासात टॅली करतो, खाडाखोड नाही काही नाही, तोही गप्प. मग त्या दिवशी ठरलेला चॅप्टर बाजूला ठेवला आणि कारखान्यावरच बसलो, रात्री साडेनऊ वाजेपर्यंत. ते तुम्हाला लिहून कळवावं असं वाटलं, कारण ही अडचण नुसत्या माझ्या क्लासची नाही आणि बातमी ज्या पद्धतीने छापली जाते त्याचाही यात वाटा आहे. लांबलंय पत्र, पाहिजे तिथं कापा.

मी स्वतः सव्वीस वर्षं एका कारखान्याच्या अकौंट्सला काढली, त्यामुळे आकडे तोंडात आहेत. फळ्यावर एक टन ऊस घेतला. हंगाम 2024-25 ची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला (शंभर किलो उसातून 10.25 किलो साखर) क्विंटलला 340 रुपये, म्हणजे टनाला 3,400. आमच्या कोल्हापूर भागात उतारा जास्त म्हणून एफआरपीही जास्त बसते, पण हिशोब सोपा राहावा म्हणून तोच आकडा धरला. एक टनातून साखर निघाली 102.5 किलो. साखरेला समजा 36 रुपये किलो भाव मिळाला तर 3,690 रुपये, मळी आणि बगॅसचे, म्हणजे चोथ्याचे, समजा 400, एकूण झाले 4,090. त्यातून उसाचे 3,400 वजा, पगार, केमिकल, बारदान, दुरुस्ती असा प्रक्रिया खर्च समजा 500 वजा. राहिले 190. पोरं म्हणाली, बघा सर, नफाच आहे की.

हो, नफाच आहे. आता कॅलेंडर काढा म्हटलं.

ऊस आला जानेवारीत. 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस आल्यापासून 14 दिवसात शेतकऱ्याचे पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. म्हणजे 3,400 गेले जानेवारीतच. प्रक्रियेचे 500 पण गेले, कारण कामगार ऑगस्टपर्यंत थांबत नसतो. आणि साखर? साखर पोत्यात भरून गोदामात थप्पीला लागली. ती कारखान्याला वाटेल तेव्हा विकता येत नाही, दर महिन्याला केंद्राचा कोटा येतो तेवढीच बाहेर काढायची. समजा या टनाची साखर विकायला जुलै उजाडला. मग जानेवारीत द्यायचे पैसे आणायचे कुठून? बँकेतून, साखर तारण ठेवून. बँक काही पूर्ण किंमत देत नाही, ती आपलं मूल्यांकन करते, समजा क्विंटलला 3,400, आणि त्याच्या समजा 85 टक्के देते. 102.5 किलोवर उचल मिळाली 2,962 रुपये. मळी-बगॅसचे 400 लगेच आले असं धरा. तरी 3,900 द्यायचेत आणि हातात 3,362. टनामागं 538 रुपये कमी. पाच लाख टन गाळप असेल तर 26 कोटी 90 लाख.

हे घ्या, एफआरपी थकते ती इथं. नफ्याचा एक पैसाही खोटा नाही आणि तरी तिजोरी रिकामी. पैसे कुठं गेले? गोदामात, थप्पीला लागलेत, पोत्यात आहेत.

बरं, एवढ्यावर भागत नाही. त्या 2,962 वर 11 टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज होतं 163 रुपये. 190 मधले 163 गेले, राहिले 27. साखर जुलैऐवजी सप्टेंबरला विकली गेली तर आठ महिन्यांचं व्याज 217 आणि तोच नफा आता तोटा. भाव तोच, उतारा तोच, कामगार तेच, फक्त दोन महिने उशीर. आणि यात ते वरचे 538 कुठून तरी बिनव्याजी मिळाले असं धरलंय, जे मिळत नाहीत. एवढं फळ्यावर झाल्यावर मगाशी खाल्ले म्हणणारा पोरगा वहीत कॅल्क्युलेटर लावून बसला, सर मग ऑक्टोबरला विकली तर?

संपादक साहेब, धंद्यात असे अडकून राहणाऱ्या पैशाला पुस्तकात वर्किंग कॅपिटल म्हणतात आणि ते परत हातात यायला लागणाऱ्या काळाला कॅश कन्व्हर्जन सायकल म्हणतात. गंमत अशी की या पोरांना दोन्ही फॉर्म्युले पाठ होते. टंडन कमिटीच्या तिन्ही पद्धतींनी बँक किती कर्ज देईल ते ती काढून दाखवतात. 1974 साली कमिटी नेमली होती हेही एकाला माहीत होतं. पण गावात रोज समोरून ट्रॉल्या जातात त्यात तोच चॅप्टर भरलेला असतो हे कुणी सांगितलेलं नाही. करंट अॅसेट्स (वर्षात रोख होणारं) वजा करंट लायबिलिटीज (वर्षात द्यायचं), उत्तर प्लस आलं, दोन मार्क मिळाले, विषय संपला. त्या करंट अॅसेट्समधली साखर सप्टेंबरची आहे आणि लायबिलिटी चौदा दिवसाची आहे हे कोण बघणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की अकौंट्स शिकताना आपण मुलांना "किती" विचारायला शिकवतो, "कधी" विचारायला शिकवत नाही. आणि फायनान्स नावाचा जो काही विषय आहे तो मला तरी सगळा त्या "कधी" मध्येच दिसतो.

आता कुणी म्हणेल हे अवघड आहे, मॅथ्स लागतं. काही लागत नाही. आमच्या गल्लीत बायकांची लिलावाची भिशी आहे, वीस जणी, दरमहा पाच हजार, म्हणजे महिन्याला एक लाख जमतात. दुसऱ्याच महिन्यात एका बाईला मुलाच्या अॅडमिशनला पैसे पाहिजे होते, तिनं 84 हजारावर उचलली, सोडलेले 16 हजार सगळ्यांत वाटले गेले, प्रत्येकीला 800. शेवटच्या महिन्यात जिचा नंबर असतो तिला पूर्ण लाख मिळतात. आजचे 84 हजार आणि पुढचे एक लाख यात कुठला सौदा बरा हे त्या बायका चहा पिता पिता ठरवतात, आणि त्यांचीच पोरं माझ्या क्लासला येऊन टाइम व्हॅल्यू ऑफ मनी डोक्यावरून जातंय म्हणतात. आईला विचार म्हटलं एकाला. तो खरंच विचारून आला आणि म्हणाला आई म्हणते लवकर उचलणाऱ्याला महाग पडते पण नड असली की माणूस उचलतो. झालं की मग. बारा टक्के धरले तर एका वर्षानंतर मिळणाऱ्या लाखाची आजची किंमत 89,286, तीन वर्षानंतरच्या लाखाची 71,178. हेच आपलं प्रेझेंट व्हॅल्यू, आणि असे सगळे वर्षांचे आकडे आजच्या किमतीत आणून मिळवले आणि त्यातून आज घालायचे पैसे वजा केले की एनपीव्ही. टेबल बघून फॅक्टर लिहिणं हा त्यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग आहे आणि परीक्षेत नेमका तोच तपासतात.

एनपीव्हीवरून आठवलं. आमच्याकडे गेल्या काही वर्षात बऱ्याच कारखान्यांनी इथेनॉलचे प्रकल्प टाकले, कर्ज काढून. असे प्रोजेक्ट रिपोर्ट मी बरेच चाळलेत आणि आयआरआर, म्हणजे प्रकल्पातून दरसाल किती टक्के सुटतील तो आकडा, नेहमी बँकेच्या व्याजदरापेक्षा बरोब्बर पाच-सहा टक्के वरच कसा येतो हे मला अजून कळलेलं नाही, की बहुतेक आधी उत्तर लिहितात आणि मग आकडे भरतात. असो. तर 7 डिसेंबर 2023 ला, ऐन हंगामात, केंद्राचा आदेश आला की उसाचा रस आणि सिरप इथेनॉलला वापरायचा नाही. आठवडाभरात ते थोडं सैल केलं, देशभर मिळून 17 लाख टन साखरेपर्यंत वळवायला परवानगी दिली, आणि पुढच्या वर्षासाठी निर्बंध काढले 2024 च्या ऑगस्टमध्ये. पण ज्यानं नुकतीच डिस्टिलरी उभी केली त्याचा हप्ता काही आदेश बघून थांबला नाही. मुलांना रिस्क शिकवताना आपण बीटा शिकवतो. बाजार हलला की एखादा शेअर किती हलतो त्याचं माप, ते ठीक आहे, शिकवा. पण "एका सकाळी पत्र येतं आणि कच्चा मालच बंद होतो" ही रिस्क त्यांच्या घरापासून चार किलोमीटरवर घडली, ती कुठल्या चॅप्टरात घालायची? मी डिस्काउंट रेटमध्ये घालतो, म्हणजे पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायला मगाशी बारा टक्के धरले त्या दरात. जितकी खात्री कमी तितका रेट जास्त लावायचा, म्हणजे पुढचे पैसे आज स्वस्त दिसतील आणि माणूस जरा थांबून विचार करेल. बरोबर आहे का ते मोठ्या माणसांनी सांगावं.

दुसरी एक गोष्ट, ही मी कारखान्याच्या सभेत दरवर्षी ऐकली. वार्षिक सर्वसाधारण सभा, मंडप, मागं गोंधळ, आणि एक सभासद उठतो, अहवाल हातात, पान नंबर सांगतो आणि विचारतो की चेअरमन साहेब, राखीव निधी इतके कोटी दिसतोय, घसारा निधी इतके कोटी दिसतोय, मग आमचं ऊस बिल द्यायला कर्ज कशाला काढता? टाळ्या. व्यासपीठावर कुणालाच नीट उत्तर देता येत नाही, मग माईक बंद पडतो. सभासदाचं मी समजू शकतो, निधी म्हटल्यावर माणसाला पेटीच दिसणार. पण तोच प्रश्न मी बीकॉमच्या तिसऱ्या वर्षाला विचारला आणि पंधरातल्या अकरा जणांनी सांगितलं की हो, तो पैसा वापरता येईल. अरे तो ताळेबंदाच्या कुठल्या बाजूला आहे? देण्याच्या! तो मागं राहिलेल्या नफ्याचा नुसता हिशोब आहे, त्याचे पैसे केव्हाच मिलच्या रोलरमध्ये, बॉयलरमध्ये, नाहीतर गोदामातल्या त्याच पोत्यांत गेलेत. घसारा, म्हणजे मशिनरीची झीज, तर खर्च लिहिला पण बाहेर पैसा गेला नाही असा प्रकार, पण म्हणून तो कुठं साठून राहिलाय असं नाही. पैसे बघायचे तर दुसऱ्या बाजूला या, रोख आणि बँक शिल्लक या ओळीवर, आणि ती ओळ पण डोळे झाकून मानू नका. 7 जानेवारी 2009 ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या चेअरमन रामलिंग राजूंनी जे पत्र लिहिलं त्यात कबूल केलं होतं की ताळेबंदातली 5,040 कोटींची रोख आणि बँक शिल्लक मुळात नाहीच.

कॅश फ्लो स्टेटमेंट नावाची एक गोष्ट याचसाठी आहे, धंद्यातून किती आले, मशिनरीत किती गेले, कर्ज-भांडवलातून किती आले-गेले असे तीन भाग. मुलांना ते सगळ्यात नकोसं वाटतं. कारण विचाराल तर आर्टिकलशिपला (सीएच्या हाताखालची उमेदवारी) किंवा टॅक्स कन्सल्टंटकडे कामाला लागल्यावर ते त्यांना दिसतच नाही. कंपनी कायद्यात छोट्या कंपनीला आणि वन पर्सन कंपनीला त्यातून सूट आहे, भागीदारी फर्म आणि किराणा दुकान तर लांबच राहिलं. म्हणजे ज्याला रोखीची सगळ्यात जास्त ओढाताण त्याच्याकडेच हा कागद नसतो.

माझ्या मेव्हण्याचं उदाहरण सांगतो, तो शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप चालवतो, कास्टिंग आणून मशीनिंग करून देतो. एका वर्षी मोठी ऑर्डर मिळाली, उलाढाल दोन कोटीवरून थेट चार कोटी. पेढे वाटले. सहा महिन्यात माझ्याकडे आला, दाजी काय करू, बँक डीपी (माल आणि येणी बघून ठरवलेली उचलीची मर्यादा) नाही म्हणते, पगाराला पैसे नाहीत. त्याचा माल घेणारा 90 दिवसांनी पैसे देतो. दोन कोटीला 90 दिवसांची येणी, म्हणजे यायचे राहिलेले पैसे, 50 लाख, चार कोटीला एक कोटी. वर्षाचा नफा 8 टक्क्यांनी 32 लाख, आणि नुसती येणीच वाढली 50 लाखांनी, वरून जास्तीचं कास्टिंग पडून ते वेगळं. धंदा वाढला म्हणून तो अडकला. त्याच्या अकौंट्सच्या पोरानं काय चूक केली? काहीच नाही, सगळ्या एंट्र्या बरोबर, जीएसटी वेळेत. फक्त ऑर्डर घेण्याआधी कुणी त्याला कागदावर दाखवलं नाही की साहेब, जूनमध्ये 18 लाख कमी पडणार आहेत, आत्ताच बँकेत जा.

तसा कायदा त्याच्या बाजूनं आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसात द्यायचे, लेखी करार नसेल तर 15 दिवसात, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. मेव्हण्याला म्हटलं माग की व्याज. तो म्हणाला, दाजी, व्याज मिळेल पण पुढची ऑर्डर मिळणार नाही. मग 2023 च्या बजेटमध्ये इन्कम टॅक्सला 43बी(एच) आलं, की लघुउद्योजकाचे पैसे त्या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला मिळणार नाही. हे कलम माझ्या मुलांना शब्दन् शब्द येतं, डिसअलाउन्स कधी, पुढच्या वर्षी वजावट कधी, सगळं. पण हे कलम कशासाठी आलं, कुणाच्या पगाराच्या दिवशी कुणाचं बिल अडकलं होतं म्हणून आलं, हे विचारलं की परत गप्प. कलम टॅक्सच्या वहीत आणि येणी अकौंट्सच्या वहीत, दोन वह्यांची गाठ पडत नाही.

भांडवलाच्या किमतीबद्दल पण लिहायचं होतं, पण थोडक्यात सांगतो. कर्जाला व्याज लागतं आणि शेअर भांडवल फुकट असतं असं निम्म्या मुलांना वाटतं. फुकट काही नसतं, शेअर घेणारा जास्त जोखीम घेतो म्हणून त्याला बँकेपेक्षा जास्तच मिळायला पाहिजे, फक्त त्याची तारीख ठरलेली नसते म्हणून ते दिसत नाही. आमच्याकडे सभासदाला दिवाळीला सवलतीची साखर मिळते ना, तोही एक प्रकारचा डिव्हिडंडच आहे, पाच रुपये डिव्हिडंड कमी करा कुणी ओरडणार नाही, ती साखर बंद करून बघा! आणि कमी मुदतीचं कर्ज काढून लांब मुदतीच्या कामात घातलं की काय होतं ते 2018 साली आयएलअँडएफएस या रस्ते-बोगद्यांना पैसा पुरवणाऱ्या कंपनीत सगळ्या देशानं बघितलं, डोक्यावर सुमारे 91 हजार कोटींचं कर्ज, रस्ते-बोगद्यांचे पैसे यायला वीस वर्षं आणि कर्जाचे कागद काही महिन्यात फेडायचे. आमच्या गावात याला पीककर्ज काढून घर बांधणं म्हणतात.

आता कॉलेजवाल्यांना माझी विनंती म्हणजे काय, सिलॅबस बदला असं मी म्हणत नाही, त्याला दहा वर्षं लागतील. सीए इंटरला फायनान्शिअल मॅनेजमेंट आहेच, 50 मार्काला, बीकॉमलाही थोडंफार असतं. फक्त उदाहरणातली एक्सवायझेड लिमिटेड काढा आणि तिथं गावातला कारखाना, दूध संघ, सूतगिरणी घाला. अहवाल छापलेले असतात, सभासदांच्या घरी माळ्यावर पडलेले असतात, माझ्या क्लासला मी तेच आणायला सांगितलेत. पहिल्या दिवशी चौदा आले, त्यातल्या एकावर उंदरानं काम केलं होतं, नेमकी देण्याची बाजू खाल्ली होती.

आणि तुम्हाला एक विनंती. यापुढं कारखान्याच्या नफ्याची बातमी छापताना तिथंच खाली तीन आकडे द्या. गोदामात शिल्लक साखर किती पोती, त्यावर तारण कर्ज किती, आणि ऊस बिलाची थकबाकी किती. बातमीदाराला हे तिन्ही आकडे चीफ अकौंटंटकडे एका फोनवर मिळतात, मी स्वतः सव्वीस वर्षं देत होतो, फक्त कुणी विचारत नव्हतं. ती मुलगी आता दर सोमवारी येऊन विचारते, सर आज पेपरात कुठल्या कारखान्याचं आलंय, आणि त्या तीन आकड्यांसाठी मला जुन्या सहकाऱ्यांना फोन करत बसावं लागतंय.

कळावे,
आपला,
एक निवृत्त अकौंटंट, कोल्हापूर जिल्हा
(नाव छापू नये, मेव्हणा पेपर वाचतो)